साडेचार सेकंदांचा दोष

अकोला, शुक्रवार, १ नोव्हेंबर १९४६

आज तीन रेडिओ उघडले. दोन दुरुस्त झाले. तिसऱ्यात पालीचे कुटुंब होते. त्याचा मालक म्हणाला, "पाली राहू द्या बाई, फक्त बातम्या लागल्या पायजे."

जठारपेठेत महादेवरावांच्या दुकानात मला सात महिने झाले. अजूनही नवे गिऱ्हाईक आत आले की विचारते, "मेकॅनिक कुठी हाय?" महादेवराव माझ्याकडे बोट दाखवतात. गिऱ्हाईक हसते आणि खऱ्या मेकॅनिकची वाट पाहत बसते. एक जण पाऊण तास बसला होता. तेवढ्यात त्याचा ग्रामोफोन मी दुरुस्त केला होता.

दुपारी अमरावतीचे भगवंतराव वकील आले. ते तिथल्या संगीत सभेचे चिटणीस आहेत. 'जाझ आणि आर्य' या विषयावर २४ तारखेला त्यांचे व्याख्यान आहे. तबकड्या वाजवायला माणूस हवा. माझे युद्धातले प्रमाणपत्र त्यांनी दोनदा वाचले: महिला सहायक दल, कलकत्ता, वायरलेस ऑपरेटर आणि दुरुस्ती, अडीच वर्षे. मग म्हणाले, "आमच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत यंत्र-सहायकाची जागा भरायची आहे. कार्यकारी मंडळात मी आहे. व्याख्यान नीट पार पडले तर पाहू."

ती जागा मला हवी आहे. तिथे विजेच्या लहरी काचेवर दाखवणारा कॅथोड-रे ऑसिलोस्कोप आहे. विदर्भात दुसरा कुठे असल्याचे मी ऐकलेले नाही.

रविवार, ३ नोव्हेंबर

सुट्टी. टकरची तबकडी एकदा वाजवली. एकूण वादन: १०.

नोंद नीट असावी म्हणून लिहिते. एलायजा टकर, कॉर्पोरल, अमेरिकन सैन्य, काळा. कलकत्त्यात आमच्या सिग्नल वर्कशॉपात तबकडी कोरायचे यंत्र होते, त्याच्या दुरुस्तीत तो माझ्याबरोबर होता. निघण्यापूर्वी त्याने स्वतःचा आवाज कोरून एक तबकडी मला दिली. हिच्यावर लाखेचा मऊ लेप आहे. पोलादी सुईने ती चार वादनांत मरेल. म्हणून मी बाभळीचा काटा तासून लावते. काट्याने पंधरापर्यंत जाईल असा अंदाज आहे.

गाण्यात एक दोष आहे. टकर एक ओळ म्हणतो आणि थांबतो. मग नुसता पायाचा ठोका. मग पुढची ओळ. अशा अकरा मोकळ्या जागा आहेत, प्रत्येकी सरासरी साडेचार सेकंद. म्हणजे तबकडीचा चौथा हिस्सा वाया. यंत्राचा दोष म्हणावा तर ठोका स्वच्छ येतो. श्वास कमी पडत असावा म्हणावे तर त्याची छाती रुंद होती. (हे निरीक्षण आहे.)

मार्चमध्ये त्याचे पत्र आले होते. त्यात प्रश्न एकच: तबकडी ऐकताना तुम्ही काय म्हटलेत? मी काहीच म्हटले नव्हते, मी वेग मोजत होते. तांत्रिक स्वरूपाचे पत्रात काही नव्हते, म्हणून उत्तर दिले नाही.

बुधवार, ६ नोव्हेंबर

कॉलेजचा अर्ज टाकला. बाबा मोर्णेकाठच्या मळ्यातून मेथी घेऊन आले होते. त्यांना अर्ज वाचून दाखवला.

"पगार किती?"

सांगितला.

"आन् काम काय?"

"यंत्रं सांभाळायची."

"म्हंजे रखवाली." ते जुड्या बांधत म्हणाले. "रखवालीले बाई ठेवून राहिले, म्हंजे यंत्रं चोरीले जाण्यासारखी नसन."

मंगळवार, १२ नोव्हेंबर

बडनेऱ्याला गाडी बदलून अमरावतीला गेले. भगवंतरावांनी व्याख्यान वाचून दाखवले. एकूण बेचाळीस पाने.

सारांश असा. वैदिक ऋषींच्या आश्रमातून एक नाद निघाला. तो ग्रीस, रोम आणि लंडन या मार्गे अमेरिकेत पोचला, तोच जाझ. रुंबा म्हणजे इंद्रसभेतल्या रंभेचे नृत्य. ती क्युबात कशी गेली यावर अर्धे पान आहे. त्यात 'अर्थातच' हा शब्द नऊ वेळा येतो. सगळा मार्ग रेल्वेच्या वेळापत्रकासारखा पक्का. आफ्रिका हे स्टेशन या मार्गावर नाही.

मी विचारले, "हे गाणारे आणि वाजवणारे बहुतेक काळे आहेत. त्यांच्याबद्दल काही?"

"त्यांनी ते उचलले," भगवंतराव म्हणाले. "हबशी जात अनुकरणात फार हुशार."

टकरने सांगितलेले मला आठवले. त्याचे आजोबा लहानपणी गुलाम होते, मिसिसिपीत मालकाचा कापूस वेचत. त्या आजोबांच्या आजीला आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून जहाजात घालून आणले होते. मालकांनी ढोल काढून घेतले, कारण ढोलावरून निरोप जातात अशी त्यांना भीती. मग ताल टाळ्यांत आणि पायांत गेला. घरी भोपळ्याचे तंतुवाद्य असे, ते त्यांनी आठवून पुन्हा केले. त्याचा बँजो झाला. दोन स्वरांच्या मधल्या ज्या स्वराला पियानोत पट्टी नाही, तो ते गळा वाकवून काढतात. क्युबातल्या लोकांचे ढोल बरेचसे त्यांच्याकडे राहिले, म्हणून रुंब्यात एका वेळी तीन-तीन ताल ऐकू येतात. हे सगळे त्याने वायरलेसचा एक व्हॉल्व्ह बदलता बदलता सांगितले. पाने बेचाळीस नव्हती.

मी भगवंतरावांना यातले काही सांगितले नाही. जागा मला हवी आहे.

उठताना ते म्हणाले, "तुम्ही पडद्यामागे बसाल. श्रोत्यांमध्ये प्रतिष्ठित मंडळी आहेत. भाजीवाल्याची मुलगी म्हणून नव्हे हो. एकूण स्त्री म्हणून."

हे त्यांनी माझी समजूत घालण्यासाठी सांगितले.

बुधवार, १३ नोव्हेंबर

काही झाले नाही. पालीचा रेडिओ परत आला. पाली नव्या आहेत.

शुक्रवार, २२ नोव्हेंबर

माणिकआत्या तिवशाहून दुकानात आली. ती माझी एकुलती आत्या. झेंडू लावते आणि हंगामात पंजाबराव पाटलाच्या शेतात कापूस वेचायला जाते. संगीत सभेच्या हारांचे काम तिला मिळाले आहे. सहा बाया घेऊन ती सभागृहातच हार ओवणार.

"तू बी तिथंच हाय म्हंते. काय करून राहिली तिथं?"

"तबकड्या लावणार. पडद्यामागे."

"पडद्यामांग?" आत्या महादेवरावांकडे वळली. "काहून हो, पोरगी का देवळातली मूर्ती हाय झाकून ठेवाले?"

महादेवराव म्हणाले, "मले काय इचारता बाप्पा? मी तं तिले दुकानात समोरच बसवतो. तरी लोकाइले दिसत नाई."

रविवार, २४ नोव्हेंबर

आज सविस्तर लिहावे लागेल.

संगीत सभेचे सभागृह, अमरावती. वेळ पाच, सुरुवात पावणेसहा. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, अगदी शेवटी दाराशी आत्या आणि तिच्या बाया टोपल्या घेऊन हार ओवत बसलेल्या. अध्यक्षस्थानी कॉलेजचे प्राचार्य.

माझे यंत्र मी चारलाच जोडून ठेवले होते आणि चहाला गेले होते. वीस मिनिटे. परत आले तो भगवंतरावांनी यंत्राची पूजा उरकलेली. कर्ण्याला हार, मोटारीवर अक्षता. आणि तिन्ही तबकड्यांवर ओल्या कुंकवाने स्वस्तिके. दोन्ही बाजूंना. मी विचारले तर म्हणाले, "एका बाजूवर अन्याय नको."

तबकडीच्या खाचा केसाइतक्या बारीक असतात. मी ओल्या फडक्याने पुसायला गेले तर कुंकू आणखी आत गेले. एक सुई लावून पाहिली. जात्यात रेती घालून दळल्यासारखा आवाज आला. हे त्यांना सांगायच्या आत पडदा ओढला गेला आणि व्याख्यान सुरू झाले.

ऋषी झाले, ग्रीस झाले, रोम झाले. मग भगवंतराव म्हणाले, "आता प्रत्यक्षच ऐकू या!"

मी काही लावले नाही. लावायला काही नव्हते. श्रोते खोकले. भगवंतराव पुन्हा म्हणाले, "ऐकू या!" मग पडद्याच्या फटीतून एक चिठ्ठी आली: *काहीही लावा. इभ्रतीचा प्रश्न आहे. तुमच्याही.*

टकरची तबकडी माझ्या पिशवीत होती. ती का आणली होती याचे कारण मला आठवत नाही. ती लावली नसती तर व्याख्यान बुडाले असते आणि त्याबरोबर ऑसिलोस्कोप. मी काटा तासला आणि लावली. वादन ११.

टकरचा आवाज त्या सभागृहात मोठा वाटला. पहिली ओळ झाली. मोकळी जागा, ठोका. पुढच्या खुर्च्यांतून कोणीतरी म्हणाले, "बंद पडले वाटते." दुसरी ओळ. पुन्हा मोकळी जागा. कोणीतरी हसले.

तिसऱ्या ओळीनंतर मागच्या दारातून आवाज आला: "हो वं माय, होऽ!"

आत्याचा. चौथ्या जागेत सातही बाया होत्या. त्या नेमक्या वेळेवर सूर धरायच्या आणि टकरची पुढची ओळ सुरू होण्याच्या क्षणी थांबायच्या. एकदाही त्याच्या ओळीवर चढल्या नाहीत. इंग्रजीचा एक शब्द त्यांना येत नाही. पाचव्या जागेपासून टाळ्या लागल्या, त्याही ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मध्ये. खुर्च्यांतल्या मंडळींनी पण धरायचा प्रयत्न केला. ते ठोक्यावर वाजवत होते आणि प्रत्येक वेळी उशीर होत होता.

मी फटीतून पाहत होते. हातात घड्याळ होते. मोजायचे राहिले.

तबकडी संपली. भगवंतरावांचा चेहरा उजळला. "पाहिलेत? अडाणी स्त्रिया! पण संस्कार रक्तात असतो! आश्रमातला तोच नाद ओळखला की नाही त्यांनी?" टाळ्या. ठोक्यावर.

प्राचार्यांनी विचारले, "गायक कोण?"

"एक, अं, विख्यात युरोपीय गायक," भगवंतराव म्हणाले.

इथे मी पडदा बाजूला केला. असे करायचे मी ठरवले नव्हते. मी म्हणाले की हा एलायजा टकर, काळा अमेरिकन, कॉर्पोरल. हे गाणे कापूस वेचणाऱ्या गुलामांचे आहे. एकाने म्हणायचे आणि बाकीच्यांनी झेलायचे ही रीत त्यांनी आफ्रिकेतून आणली. जाझ तिच्यातून आला, अमेरिकेतली ब्लूज नावाची दुःखाची गाणी तिच्यातून आली, रुंबा तिच्याच भावंडातून. लंडनचा यात काही संबंध असेल तर तो गुलाम नेणाऱ्या जहाजांचा. आणि मागच्या बायांनी ऋषींना ओळखले नाही, कापसाला ओळखले. एकूण सहा वाक्ये. ढोलांचे सांगायचे राहिले.

मग भगवंतराव अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाईंना ही माहिती कुठल्या ग्रंथात मिळाली?"

"ग्रंथात नाही. ज्याने गायले त्याने सांगितले."

"म्हणजे आपण त्या हबशी शिपायाला ओळखता?"

खुर्च्यांतली सगळी डोकी एकदम वर झाली. बेचाळीस पानांत तेवढे लक्ष कोणी दिले नव्हते. ओळखत नाही, ऐकीव माहिती आहे, असे म्हणता आले असते. प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. त्यांना तेच उत्तर हवे होते असे मला वाटले.

"ओळखते," मी म्हणाले.

बाहेर आत्या टोपल्या आवरत होती. मी तिला विचारले, "तुम्ही मध्ये का म्हटलंत?"

"अवं, थो एकटाच म्हनून राहिला होता! म्हननाऱ्याले एकटं सोडू नाई. दोन डाव वाट पाह्यली आम्ही. म्हटलं, पुढं बसेल मोठे लोकं म्हनतीन. ते तं नुसते गोटे बसल्यावानी बसले. मंग कोनी तरी म्हनाच लागन ना?"

"पण तो थांबला होता."

आत्याने माझ्याकडे जरा काळजीने पाहिले. "थांबला नाई वं. जागा देऊन राहिला होता. तू एवढी शिकेल, आन् तुले एवढं समजत नाई?"

सोमवार, २५ नोव्हेंबर

३ तारखेच्या नोंदीत दुरुस्ती: 'दोष' हा शब्द चुकीचा आहे. योग्य शब्द सुचल्यावर लिहीन.

मंगळवार, ३ डिसेंबर

कॉलेजचे पत्र. *आपले यंत्रज्ञान उत्तम आहे; तथापि प्रयोगशाळेत तरुण विद्यार्थी असतात, हे ध्यानी घेता...* पुढचे वाचण्याची गरज नव्हती, तरी वाचले. जागा भगवंतरावांच्या जावयाच्या भावाला मिळाली. ते संस्कृत घेऊन बी. ए. झाले आहेत. मुलाखतीत त्यांनी ऑसिलोस्कोपला नमस्कार केला म्हणतात. निदान त्यावर कुंकू लावू नये.

महादेवराव म्हणाले, "वाईट झालं जमुनाबाई." मग, प्रामाणिकपणे, "पन मले बरं वाटून राहिलं."

बाबा कोथिंबीर निवडत होते. त्यांनी एकदाच विचारले, "थो मानूस... चांगला होता का?"

मी म्हणाले, "तारांचं सोल्डरिंग उत्तम करायचा."

बाबांनी मान हलवली. दोन काड्या चुकून पाल्यात टाकल्या.

रविवार, ८ डिसेंबर, तिवसा

आत्याचा निरोप होता: बायांना ते गाणे शिकायचे आहे, तबकडी घेऊन ये. हाताने चावी द्यायचे यंत्र घेऊन आले. मोटार सकाळी साडेदहाला पोचली. पंजाबराव पाटलाच्या शेतात बाया वेचणीला होत्या. कमरेच्या ओट्या फुगलेल्या, हात बोंडांवर आणि तोंड चालू. जेवणाच्या सुट्टीत बांधावर यंत्र मांडले. मी सांगितले की तबकडी झिजली आहे. अमरावतीच्या कार्यक्रमानंतर आवाज बराच उतरला. आता फार तर तीन वेळा.

"मंग वाया नको घालवू," मैनाबाई म्हणाली. आत्याच्या जोडीदारणींत ती सगळ्यात म्हातारी. "आधी सांग, थो कोनाचा कोन?"

मी त्याचे नाव, हुद्दा आणि सैन्यक्रमांक सांगितला.

"नंबर कोनं इचारला? त्याची माय हाय का?"

मला माहीत नव्हते.

"लगन झालं का त्याचं?"

माहीत नव्हते.

"भाऊ किती? शेती सोताची का पाटलाची? कापूस कोनता पेरते ते लोकं?"

अडीच वर्षांत मी त्याला विचारलेले सगळे प्रश्न व्हॉल्व्हविषयी होते. बायांनी एकमेकींकडे पाहिले. मैनाबाईने निकाल दिला, "माय असन. आवाजावरून समजते. माय मेलेल्याचा आवाज असा नसते. आन् लगन नाई झालं." शेवटचे तिने माझ्याकडे पाहून म्हटले. त्याला काय आधार, हे तिने सांगितले नाही.

पहिल्यांदा त्या नुसत्या ऐकत होत्या. वादन १२. दुसऱ्यांदा झेलले. वादन १३. शब्द त्यांनी आपापले घातले. कोणी मायेला हाक मारली, कोणी पाटलाला शिवी दिली, आणि दोन्ही साडेचार सेकंदांत बसले. मी चावी देत होते.

तिसऱ्यांदा काटा लावताना माणिकआत्याने माझ्या हातातले घड्याळ काढून आपल्या ओटीत, कापसात टाकले. "आता सोड," ती म्हणाली. "यंत्र फिरते आपल्या आपन."

वादन १४. सहाव्या ओळीपासून त्याचा आवाज जाऊ लागला. आठवीत शब्द गेले, नुसता सूर राहिला. नवव्या ओळीला खरखर होती, तरी त्याची ओळ कुठे असायला हवी ते सगळ्यांना ठाऊक होते. ती ओळ मग कोणीतरी घेतली. कोणी, ते नोंदवता आले नाही. तबकडी थांबली तरी गाणे चालूच होते. किती वेळ, ते सांगता येत नाही. घड्याळ कापसात होते. पंजाबराव पाटील बांधावर येऊन ओरडले तेव्हा बाया उठल्या.

तबकडीच्या लेपाचा भुगा काट्यावर जमला होता. तो पुसला. ती आता पुन्हा वाजणार नाही. मैनाबाईने जाताना माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, "वरच्या पट्टीत ओळ बरी घेतली वं तू." तिच्या ऐकण्यात चूक झाली असावी.

घसा मात्र पार बसला आहे. संध्याकाळी मोटारवाल्याला अकोल्याचे तिकीट मागताना आवाजच निघाला नाही, बोटाने दाखवावे लागले. वेचणीच्या दिवसांत शेतात कापसाची धूळ फार असते.